मथळा माझा नाही

४ नोव्हेंबर, सोमवार

काढलं! ‘पेटी चालू ठेवा’ हेच नेमकं काढलं! अख्ख्या बातमीत लोकांच्या कामाचं तेवढंच तर होतं!

सकाळी आमची साइट उघडली आणि डोक्यात तिडीक गेली. मी दिलेला मथळा — ‘पेसमेकरच्या घरगुती पेटीत त्रुटी, दुरुस्ती आली आहे, पेटी चालू ठेवा’. छापलाय काय? — ‘तुमचं हृदय हॅकरच्या मुठीत!’ उद्गारचिन्हासकट. शेजारी तो नेहमीचा फोटो. डोक्यावरून टोपी ओढलेला, तोंड नसलेला बाप्या, हातात काळे हातमोजे. हातमोजे घालून कीबोर्ड कोण बडवतं, मला एकदा दाखवा तरी!

आणि खाली नाव कुणाचं? दुर्साफ बिन यूनुस. माझं!

खरं काय ते इथे तरी लिहून ठेवते. समुद्रकाठच्या सूस शहरात गाझी नावाचा इंजिनियर आहे. पेसमेकर बसवलेल्या लोकांच्या उशाशी एक पेटी असते. ती छातीतल्या यंत्राची खबर घेते आणि इस्पितळाला कळवते. बस्स. ती नुसती चहाडखोर आहे, हृदयाला हुकूम द्यायची तिची ताकदच नाही. गाझीला त्या पेटीत एक फट सापडली. तुमच्याच खोलीत, हातभर अंतरावर कुणी अँटेना घेऊन तास न् तास बसला, तर त्याला तुमच्या ठोक्यांचे आकडे वाचता येतील. वाचता! हृदय थांबवता नव्हे. कंपनीने दुरुस्तीही पाठवली. पेटी विजेला लावलेली असली की ती आपोआप येते. म्हणजे एकच काम करायचं नाही — पेटी बंद करायची नाही.

सी तय्यबच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. हे आमचे संपादक, ‘सी’ म्हणजे साहेब. मथळे तेच देतात.

“अहो, हे खोटं आहे.”

“कुठे खोटं? हृदय आहे, हॅकर आहे.”

“आणि मूठ?”

“मूठ ही भाषा आहे, दुर्साफ. बातमी तुझी, हेडिंग माझं. इथली रीत तुला नवीन आहे का?”

त्यांनी भिंतीवरच्या मोठ्या पडद्याकडे बोट दाखवलं. कोणती बातमी किती जण वाचताहेत ते तिथे दिसतं. माझी सगळ्यात वर. “बघ, तुझं नाव झालं!” म्हणे. नाव झालं! नाव गेलं माझं!

५ नोव्हेंबर, मंगळवार

गाझीचा फोन. बिचारा ओरडतही नव्हता, तेच जास्त लागलं.

“ताई, मी हृदय हा शब्द उच्चारला तरी होता का?”

नव्हता. माझ्याकडे रेकॉर्डिंग आहे. पण ऐकणार कोण? फेसबुकवर मथळा फिरतोय, बातमी उघडायचे कष्ट कुणी घेत नाही. दुपारी रेडिओने उचललं, त्यांनी प्रश्नचिन्ह लावून — ‘हॅकर आता माणसं मारणार का?’

या प्रश्नचिन्हाची मला सगळ्यात जास्त चीड आहे. उघड खोटं बोलणारा निदान पकडता येतो. प्रश्न विचारणारा म्हणतो, मी कुठे काय म्हटलं? मी तर नुसतं विचारलं! हात झटकून मोकळा. थापेला घातलेला बुरखा आहे तो. मी संपादक झाले तर पहिलं काम — मथळ्यातून प्रश्नचिन्ह हद्दपार!

६ नोव्हेंबर, बुधवार

टीव्हीवर ‘तज्ज्ञ’ आला होता. मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. म्हणाला, धातूच्या डब्यात ठेवलेल्या यंत्राला हॅकर हात लावू शकत नाही. सूत्रसंचालकाने मान डोलावली. कपाळ माझं!

७ नोव्हेंबर, गुरुवार

मन्नूबिया खालाच्या खिडकीतला हिरवा दिवा दिसला नाही.

खाला माझ्या खालच्या मजल्यावर राहते. सख्खी मावशी नव्हे, पण आई गेल्यापासून तीच. तीन वर्षांपूर्वी बाब अल-खद्राच्या बेकरीसमोर हातातल्या पावांसकट कोसळली, तेव्हा पेसमेकर बसवला. उशाशी ती पेटी. तिचा हिरवा दिवा मला अंगणातून वर येताना रोज दिसतो. दिसला की बरं वाटतं. मार्चमध्ये मीच तिला तपासणीला नेलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “बॅटरी संपत आली आहे. घाई नको, पेटी आम्हाला कळवेल, मग लगेच बदलू.” पेटी कळवेल! सगळी भिस्त त्या पेटीवर.

दार वाजवलं. खाला स्वयंपाकघरात लाल मिरच्यांचा हरीसा वाटत होती. लाल हात.

“खाला, पेटी कुठाय?”

“आहे सुरक्षित.”

“कुठे?”

मानेनेच फडताळाकडे खूण केली. वर कुसकुस वाफवायचं दुमजली पातेलं, झाकण लावून, झाकणावरून फडकं गच्च बांधलेलं. आत पेटी! वायर गुंडाळून, हातरुमालात!

“नजीबने फोनवर सांगितलं. तो टीव्हीवरचा माणूसपण म्हणाला, धातूत ठेवा.” नजीब तिचा मुलगा, समुद्रापलीकडे मार्सेयला असतो. तिथून फेसबुकवर मथळा वाचून त्याने आईला फर्मान सोडलं — आत्ताच्या आत्ता उपट!

मी सगळं समजावलं. फट, हातभर अंतर, आकडे, दुरुस्ती, बॅटरी. शांतपणे ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, “पण खाली तुझंच नाव आहे ना, पोरी?”

“नाव माझं, मथळा माझा नाही!”

“असं कसं? डोकं एकाचं आणि धड दुसऱ्याचं?”

“आमच्याकडे असंच असतं, खाला.”

“मग मी कुठल्या दुर्साफचं ऐकू? पेपरातल्या की जिन्यातल्या? पेपरात तू विचार करून लिहितेस. जिन्यात तू मला बरं वाटावं म्हणून बोलतेस.”

मी पातेलं खाली काढायला गेले तर तिने हरीशाच्या हाताने माझं मनगट धरलं. अजून आग होतेय.

८ नोव्हेंबर, शुक्रवार

आज ऑफिसात आवाज चढवला. चढवलाच! सगळे टाइप करायचे थांबले.

“माझ्या शेजारणीने पेटी पातेल्यात कोंडली आहे! तिच्या छातीतली बॅटरी संपत आली आहे! इस्पितळाला कळणार कसं? तुमची मूठ कळवणार का?”

सी तय्यब वाईट माणूस नाही, हाच खरा त्रास आहे. चेहरा उतरला त्यांचा. “बरं बरं. खुलासा छापू. आजच.”

मी खुलासा लिहिला. सोप्या सोप्या वाक्यांत. पहिल्याच ओळीत — पेटी बंद केली असेल तर आत्ता चालू करा. त्यांनी शब्दाला हात लावला नाही. मथळा मात्र त्यांचा, रीतच ती — ‘काळजीचं कारण नाही; अधिकाऱ्यांचा निर्वाळा’.

कुठले अधिकारी? मी एकाही अधिकाऱ्याशी बोलले नव्हते! “वजन येतं गं,” म्हणाले. असो. निदान आज कुणी घाबरणार नाही. खालाला वाचून दाखवायला प्रिंट घेऊन आले. झोपली होती. दाराखालून सरकवली.

९ नोव्हेंबर, शनिवार. मौलिद

खाला सकाळीच सणाच्या खिरीची, असीदाची, वाटी घेऊन वर आली. काळी कुळकुळीत असीदा, वर पांढऱ्या सायीचा थर, त्यावर बदाम-पिस्त्यांची चांदणी. दरवर्षी माझ्या वाटीवर तिची चांदणी मोठी असते. वाटी ठेवली आणि कालचा कागद पदरातून — अंगावरच्या पांढऱ्या सफसारीच्या घडीतून — काढला.

“काळजीचं कारण नाही, असं अधिकारी म्हणाले?”

“हो, खाला!”

“मग गेलंच सगळं.”

खुर्चीत बसली. तिचे यजमान, तिजानीकाका, रोज पेपर वाचायचे तसा तिने कागद धरला, हात लांब करून. “तुझे काका काय सांगायचे? पावाचे भाव वाढणार नाहीत असं छापून आलं की पिशवी घेऊन धावत सुटायचं. अमक्या मंत्र्याची तब्येत ठणठणीत आहे असं आलं की दुखवट्याचे काळे कपडे काढून ठेवायचे. चुकले का कधी?”

नाही चुकले! तेच तर! हुकूमशाहीच्या त्या सगळ्या वर्षांत या देशात सगळ्यांनी पेपर असाच वाचला. माझ्या बापानेही. जे नाकारलंय ते घडलंय. मी स्वतः हे बघत मोठी झाले, आणि तरी ‘अधिकाऱ्यांचा निर्वाळा’ हा शब्द असा माझ्या नाकाखालून गेला! वजन येतं म्हणे. आलं ना वजन. दगडाचं!

“आधी मला थोडी शंका होती,” खाला वाटी माझ्याकडे सरकवत म्हणाली, “आता खात्री झाली. खा, गार झाली की घट्ट होते.”

१० नोव्हेंबर, रविवार

हायसं वाटलं होतं सकाळी. रविवारी तिच्याकडे कुसकुस असतो, नणंद जेवायला येते. म्हटलं, पातेलं लागेल, पेटी बाहेर निघेल, मी पटकन प्लगमध्ये खुपसेन.

दार वाजलं. खाला.

“पोरी, तुझं पातेलं दे जरा. माझ्यात पेटी आहे.”

दिलं. हसावं की रडावं!

११ नोव्हेंबर, सोमवार

ठरवलं. नाव काढायला लावायचं. दोन्ही बातम्यांवरून. जे मी म्हटलं नाही त्याखाली माझं नाव नको. खाला म्हणते ना, खाली तुझं नाव आहे — मग नसेल!

सी तय्यब ऐकेनात. “नाव काढलं तर बातमी पोरकी दिसते.” 

“दिसू दे!” 

“वीस वर्षांत कुणी नाव काढा म्हटलं नाही. लावा म्हणून भांडतात लोक.” 

मी राजीनाम्याचा कागद मागितला. खरंच मागितला. तेव्हा काढलं.

घरी येताना कितीतरी दिवसांनी नीट श्वास घेतला. एक तरी लढाई जिंकले. मसालेवाल्याकडून जिरं घेतलं, उगाचच.

१२ नोव्हेंबर, मंगळवार

खालाने जिन्यातच मिठी मारली. रडत होती. मला कळेना.

“तुला काही केलं तर नाही ना त्यांनी?”

“कुणी?”

“नजीबने फोन केला. म्हणाला, दुर्साफचं नाव रातोरात गायब! पोरी, तू खरं लिहिलंस म्हणून तुझं तोंड दाबलं ना? मला सांगू नकोस. भिंतींनाही कान असतील. मी कुणाला काही बोलणार नाही.”

“खाला, मीच काढायला लावलं!”

“हो हो,” माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, “असंच म्हणायला सांगितलं असेल त्यांनी.”

आणि कानात — “पेटी आता मी मेले तरी लावणार नाही. तुझ्या हिमतीला मी बट्टा लावणार नाही.”

माझ्या हिमतीला! मी काय करू? नाव असलं तरी खरं, नसलं तरी जास्त खरं. खुलासा केला तर त्याहून खरं! या मथळ्याला मारावं कसं?

१३ नोव्हेंबर, बुधवार

खाला तिसऱ्या पायरीवर बसलेली सापडली. पाठीला भिंत, हातात लेबनची, ताकाची, बाटली, ओठ पांढरे.

“चक्कर नाही गं. असीदा जास्त खाल्ली.”

असीदा संपून किती दिवस झाले! मी तिला दंड धरून घरी नेलं. लगेच इस्पितळात फोन केला. पलीकडची बाई आधीच वैतागलेली. म्हणाली, “कुठल्या पेपरातून बोलताय? तो मथळावाला? अहो, आमच्या निम्म्या पेट्या मुक्या झाल्यात. फोन करकरून थकलो. लोक म्हणतात, तुम्हाला असं बोलायला वरून सांगितलंय.”

“आमच्या खालाला चक्कर आली—”

“घेऊन या. नाहीतर पेटी लावा, आत्ताच्या आत्ता बघून सांगते.”

यायला खाला तयार नाही. इस्पितळातच तर सगळी यंत्रं आहेत, म्हणाली, तिथे तर ते लोक बसलेलेच असतील. ती तोंड धुवायला गेली तेवढ्यात मी पातेलं उघडलं, पेटी भिंतीला लावली. दिवा लुकलुकला. मागून तिने वायर उपटली. माझ्याकडे असं बघितलं की मीच चोर! या घरात मी लहानपणापासून चपला न काढता शिरते, आणि मीच चोर.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

परत जिन्यात बसली होती. आज दुसऱ्या पायरीवर.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

गाझीला सूसहून बोलावलं. सुट्टी टाकून आला बिचारा, भरलेल्या लुआज-टॅक्सीच्या मागच्या सीटवर दाटीवाटीने बसून. म्हटलं, ज्याने फट शोधली त्याच्याच तोंडून ऐकू दे. 

छान बोलला. माझ्यापेक्षा छान. पेटी हातात घेऊन, “आजी, ही तुमची बातमीदार आहे, राखणदार नाही. बातमीदाराला कोंडून ठेवलं तर चोर आला हे कळणार कसं?” खाला हसली! मला वाटलं, जमलं. तिने त्याला ब्रीक तळून घातली, पापुद्र्यातलं अंडं बरोब्बर मऊ. वर पुदिन्याचा चहा, चिलगोजे घातलेला. जाताना त्याच्या खिशात संत्री कोंबली.

तो गेल्यावर मी विचारलं, “मग, लावू?”

“गोड पोरगा आहे,” खाला म्हणाली. “पण एक सांग. पेट्या उघडतो तो तोच ना?”

“शोधायला, खाला! दुरुस्त व्हावी म्हणून!”

“म्हणजे हॅकर तोच.”

हात टेकले मी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

दिवसभर चिडचिड. कुणावर ते कळेना. नजीबवर? तो तिकडे आईच्या काळजीने अर्धा झालाय. खालावर? तिला चाळीस वर्षं ज्यांनी फसवलं त्यांनीच तिला पेपर असा वाचायला शिकवलं. सी तय्यबवर? हो! त्यांच्यावरच! एक ओळ. एका ओळीसाठी! जी लिहायला त्यांना चहाचा घोट संपायच्या आत जमलं असेल, ती खोडायला मला पंधरवडा पुरत नाहीये. मी केवढी लांबलचक खरी वाक्यं लिहिते. सगळी त्या ओळीखाली चिरडून पडतात.

खालाला संध्याकाळी भाकरी नेऊन दिली. दार उघडायला फार वेळ लावला. धाप लागली होती. म्हणाली, “जिना वाढलाय का गं आपला?” बसल्या जागेवरून तर उठली होती!

१७ नोव्हेंबर, रविवार

सी तय्यब बिझर्तला, मुलीच्या साखरपुड्याला. डेस्क माझ्याकडे.

दुपारपर्यंत नवी बातमी लिहिली. गाझी, डॉक्टरीणबाई, इस्पितळातली ती वैतागलेली बाई, सगळ्यांशी पुन्हा बोलून. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. मथळ्याची जागा रिकामी. आज ती माझी. इतकी वर्षं हीच जागा मागत होते.

‘पेटी चालू ठेवा’ लिहिलं. खालाचा आवाज कानात — मग गेलंच सगळं. खोडलं.

‘पेटी सुरक्षित’. खोडलं.

पडद्याच्या कोपऱ्यातल्या फोटोतला तो टोपीवाला बाप्या माझ्याकडे बघत बसला होता. 

१८ नोव्हेंबर, सोमवार

‘तुमच्या पेट्या बंद राहाव्यात असं कुणाला वाटतं?’

हा मी दिला. प्रश्नचिन्हासकट. फोटो तोच, टोपीवाला. खालची बातमी अक्षर न् अक्षर खरी. वरची ओळ — असं कुणालाच वाटत नाही. असा माणूसच नाही.

खाला सकाळी कठडा धरत लगबगीने वर आली, धापा टाकत. “मला ठाऊकच होतं! बंद ठेवायला सांगत होते, म्हणजे कुणाचा तरी डाव होता!” हिरवा दिवा लागलाय. इस्पितळातून तासाभरात तिला फोन आला, लगेच या, बॅटरी टेकीला आली आहे. टॅक्सीत बसवून पोचवलं. उद्या बदलतील. फोनवरच्या त्या वैतागलेल्या बाईने माझा हात दाबला — मुक्या पेट्या बोलायला लागल्या म्हणाली.

सी तय्यबचा बिझर्तहून निरोप — “शाबास! पडद्यावर सगळ्यात वर! शिकलीस एकदाची.”

मी प्रश्न विचारला होता. फेसबुकवर लोक उत्तर देताहेत. सूसचा इंजिनियर, म्हणे. पेट्या उघडणारा. त्याचा फोटो, त्याच्या आईबापाच्या घराचा पत्ता.

गाझीचा फोन वाजतोय. पुन्हा वाजतोय.

मथळा माझा.